मदतनीसाविना टायमिंग बेल्ट बदलताना: एका दाताच्या फरकाचे प्रकरण

या प्रकरणातील गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आणि आडव्या बसवलेल्या १.६ लिटर पेट्रोल इंजिनाची होती. इंजिनाला चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह आणि ते व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट (इनटेक म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि एग्झॉस्ट म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हसाठी एकेक) होते. दोन्ही कॅमशाफ्ट आणि वॉटर पंप एकाच दातेरी बेल्टवर फिरत. गाडी ८४,००० किलोमीटर चालली होती. उत्पादकाच्या पुस्तिकेत बेल्टची मुदत ९०,००० किलोमीटर किंवा ६ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, अशी दिलेली होती आणि गाडीला सातवे वर्ष संपत आले होते. अंतराच्या हिशेबाने अजून सवड दिसत असली, तरी वर्षांच्या हिशेबाने मुदत उलटून गेली होती. गाडी सुरळीत चालत होती, आवाज नव्हता, धक्के नव्हते. फक्त वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला वाळलेल्या कूलंटचा पांढुरका ओघळ दिसला आणि त्यामुळे हे काम पुढे ढकलण्याचा विचार मालकाने सोडून दिला.

तो ओघळ महत्त्वाचा का होता, हे आधी सांगायला हवे. पिस्टनांनी फिरवला जाणारा क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की कॅमशाफ्ट एकदा फिरतो आणि हे प्रमाण टिकवण्याची जबाबदारी बेल्टच्या दातांवर असते. या इंजिनात पिस्टन वर आलेला असताना व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर दोघांची टक्कर होते. बेल्ट तुटला किंवा त्याचे दात सोलले गेले, तर कॅम जागच्या जागी थांबतात, पिस्टन मात्र वेगाने वर येत राहतात, आणि व्हॉल्व्ह वाकून हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) उघडण्यापर्यंत पाळी येते. आता बेल्ट स्वतःच्या झिजेने तुटतो असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी मोकळी पुली) किंवा वॉटर पंप यांचे बेअरिंग आधी खराब होते आणि बेल्टला घेऊन जाते, असेही वारंवार घडते. नायट्राइल जातीचे सुधारित रबर, आत काचतंतूंच्या दोऱ्या आणि दातांवर कापडाचे अस्तर अशी आजच्या बेल्टची रचना असते. तो आयुष्याच्या शेवटापर्यंत वरून चांगला दिसू शकतो. त्यामुळे झाकण उघडून, बेल्ट पाहून, त्याला आणखी एक वर्ष बहाल करणे यात फारसा अर्थ नसतो.

गाडीच्या मालकाने ब्रेक पॅड, ऑइल, अल्टरनेटरचा बेल्ट ही कामे पूर्वी स्वतः केली होती. टायमिंग बेल्टचे काम मात्र नवे होते. हाताखाली कोणी नव्हते आणि कोणी मिळण्यासारखेही नव्हते. काम एकट्यानेच करायचे, असे ठरल्यावर त्याने पहिला दिवस गाडीला हात न लावता घालवला, तो माझ्या मते सबंध प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा भाग होता. इंजिनाच्या नेमक्या क्रमांकाची दुरुस्ती-पुस्तिका त्याने समोर ठेवली आणि त्यातल्या प्रत्येक पायरीपुढे दोन गोष्टी लिहिल्या: या पायरीला किती हात लागतात, आणि ही पायरी अर्धवट सोडून उद्यावर टाकता येते का. बहुतेक पायऱ्यांना दोनच हात पुरत होते. चार ठिकाणी पुरत नव्हते: क्रँक पुलीचा बोल्ट सैल करणे व घट्ट करणे, माउंटिंग (इंजिन गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारा आधार) काढताना इंजिन तोलून धरणे, नवा बेल्ट तिन्ही पुल्यांवर एकाच वेळी बसवणे, आणि टेन्शनर जुळवणे. या चार ठिकाणी कोणते अवजार तिसऱ्या हाताचे काम करील, हे ठरेपर्यंत एकही बोल्ट सुटला नाही. हे काम घाईत उरकण्यासारखे नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी हीच गाडी लागणार असेल, तर ते एकट्याने काढूच नये.

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर होती. मागच्या चाकांना पुढून-मागून अडथळे लावून, पुढची उजवी बाजू जॅकने उचलून ती स्टँडवर टेकवली गेली आणि मग गाडी जोराने हलवून पाहिली. एकट्याने काम करणाऱ्याच्या बाबतीत हा नियम अधिक कडक असतो, कारण गाडी स्टँडवरून घसरली तर हाक मारायलाही कोणी नसते. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, टेकू म्हणून ते वापरायचे नसते. बॅटरीची ऋण तार काढली गेली आणि किल्ली घरात न ठेवता खिशात ठेवली गेली. बेल्ट उतरलेला असताना घरातल्या कोणी सहज स्टार्टर मारला, तर पुढचे सगळे काम निरर्थक ठरले असते.

क्रँक पुलीचा बोल्ट हा पहिला अवघड टप्पा. गॅरेजमध्ये एक जण गाडी पाचव्या गियरमध्ये टाकून ब्रेक दाबून बसतो आणि दुसरा बोल्ट सोडवतो. एकट्या माणसाला यासाठी तीन आडवाटा सुचवल्या जातात. पहिली म्हणजे सीट आणि ब्रेक पेडल यांच्यामध्ये लाकडी दांडा अडकवणे. सोडवण्यापुरते ते चालूही शकते. पण दांडा निसटला तर पुली एकदम फिरते, आणि बोल्ट अंशांच्या मापाने आवळायचा असतो तेव्हा गियरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट व टायर यांची लवचीकता मध्ये येऊन माप फसवे होते. दुसरी म्हणजे पान्याचा दांडा जमिनीला टेकवून स्टार्टरचा झटका देणे. झटका देणारा आत बसलेला असतो आणि दांड्याकडे पाहणारे कोणी नसते, त्यामुळे एकट्यासाठी ही वाट मला निव्वळ धोक्याची वाटते. तिसरी सर्वांत फसवी आहे: क्रँक जागेवर ठेवण्यासाठी जी लॉकिंग पिन मिळते, तिच्याच आधारावर बोल्ट सोडवणे. ही पिन स्थान दाखवण्यासाठी असते, बळ सोसण्यासाठी नसते. ती वाकते, तुटते, किंवा ब्लॉकमधली तिची जागा फोडते. या प्रकरणात मालकाने पुलीच्या भोकांत बसणारे, लांब हाताचे पुली-होल्डर मिळवले, त्याचा हात सबफ्रेमला टेकवला आणि लांब दांड्याच्या पान्याने बोल्ट सोडवला. बोल्ट सुटल्यावर तो किंचित परत आवळून ठेवला, कारण पुढे क्रँक हाताने फिरवण्यासाठी तोच लागणार होता.

स्पार्क प्लग काढल्यावर दाब उरत नाही आणि क्रँक पान्याने सहज फिरतो. फिरवायचा तो इंजिनाच्या नेहमीच्याच दिशेने. या गाडीत पुलीच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे. पण पाना चाकाच्या कमानीतून खाली, आणि कॅमच्या खुणा वर. खाली फिरवणारा आणि वर पाहणारा एकच माणूस असल्याने मालकाने वरच्या पुल्यांसमोर मोबाइल उभा करून चित्रण चालू ठेवले, थोडे फिरवायचे आणि उठून पाहायचे, असे केले. एकदा खूण पुढे गेली. अशा वेळी क्रँक उलटा फिरवण्याचा मोह होतो. उलट फिरवल्याने बेल्टचा सैल भाग नको त्या बाजूला जातो, म्हणून पुन्हा पूर्ण दोन फेऱ्या मारून त्याच खुणेवर यावे लागले. पहिला पिस्टन टीडीसीवर, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, क्रँकची खूण ऑइल पंपाच्या अंगावरच्या खुणेसमोर, आणि दोन्ही कॅमच्या खुणा हेडच्या कडेच्या रेषेत, अशी स्थिती आल्यावर जुन्या बेल्टवर आणि तिन्ही पुल्यांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले गेले. मग त्याने ठिपक्यांमधले दात मोजले. दोन कॅमच्या माथ्यांवरील ठिपक्यांमध्ये १७ दात भरले. आकडा कागदावर लिहिला गेला, छायाचित्रही घेतले गेले. पुढे या आकड्यानेच निकाल दिला.

इंजिन तोलण्यासाठी दुसरा जॅक ऑइल पॅनखाली लावला गेला, मध्ये रुंद लाकडी फळी देऊन. पॅनचा पत्रा पातळ असतो आणि जॅकचे टोक थेट लागले तर तो आत दबतो. माउंटिंगचा बोल्ट बोटांनी फिरू लागला की इंजिनाचे वजन त्यावरून उतरले, हे त्याच्या लक्षात आले, त्यामुळे वर पाहणाऱ्या दुसऱ्या माणसाची गरज उरली नाही.

त्यानंतर दोन्ही कॅम पुल्यांच्या मध्ये प्लॅस्टिकचे लॉक बसवून टेन्शनर सैल केला आणि बेल्ट उतरवला. दोन कॅमच्या इंजिनांत हा क्षण नाजूक असतो: काही व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दाबलेल्या असतात आणि बेल्ट सुटताच त्या कॅमला ढकलतात. लॉकने कॅम धरून ठेवले; तरी एग्झॉस्ट कॅम किंचित, अर्ध्या दाताच्या आत, मागे सरकून लॉकला टेकला. मालकाने ते पाहिले आणि टिपून ठेवले.

वॉटर पंप बदलण्याचे काम सोपे, पण ओले. कूलंट भांड्यात काढून झाकून ठेवला गेला. एथिलीन ग्लायकॉलचा कूलंट चवीला गोड आणि प्राण्यांना विषारी असतो, तेव्हा तो उघड्यावर सांडू देऊ नये. पंपाची बैठक साफ करून नवे गॅस्केट लावले, बोल्ट तिरपे-समोर अशा क्रमाने थोडे थोडे आवळले, आणि सगळा परिसर पूर्ण कोरडा झाल्याशिवाय नव्या बेल्टची पिशवी उघडली नाही. क्रँकचे ऑइल सील कोरडे होते. ते ‘आलोच आहोत तर’ म्हणून बदलावे, असे पुष्कळ जण सुचवतात. माझे मत वेगळे आहे: गळती नसलेले सील काढताना पेचकसाचा एक ओरखडा शाफ्टवर उठला, तर कोरडी जागा कायमची गळू लागते, आणि पहिल्यांदाच एकट्याने काम करणाऱ्याने ती जोखीम विनाकारण अंगावर घेऊ नये. मालकाने सील तसेच ठेवले.

नवा बेल्ट जुन्याशेजारी ठेवून लांबी, रुंदी, दातांचा आकार आणि एकूण दात पडताळले गेले. बेल्ट घडी घालून किंवा पिळून ठेवायचा नसतो, कारण आतल्या काचतंतूंना अशी घडी सोसत नाही आणि इजा बाहेरून दिसत नाही. बसवण्याचा क्रम ठरलेला होता. क्रँक ज्या बाजूने बेल्ट खाली ओढून घेतो ती ताणाची बाजू. तिथे जराही सैलपणा राहता कामा नये. सगळा सैलपणा टेन्शनरच्या बाजूला यायला हवा. म्हणून आधी क्रँक, मग ताणाच्या बाजूने वर इनटेक कॅम, तिथून एग्झॉस्ट कॅम, मग वॉटर पंप आणि शेवटी टेन्शनर. एक टोक बसवताना दुसरे उतरू नये, म्हणून प्रत्येक कॅम पुलीवर बेल्ट कागद धरायच्या मोठ्या काळ्या क्लिपने पकडून ठेवला. या क्लिपांना लाल दोरे बांधलेले होते; इंजिनात क्लिप विसरण्याचा प्रकार बेल्ट तुटण्याइतकाच महागात पडतो.

टेन्शनर विकेंद्री जातीचा होता, दर्शक काट्याचा. षटकोनी किल्लीने तो फिरवून काटा खाचेसमोर आणायचा आणि त्याच अवस्थेत नट आवळायचा. दोन्ही हात गुंततात आणि नट आवळताना काटा सरकतो, तो पाहायला डोळा हवा. मालकाने नट आधी इतपत आवळला की टेन्शनर हाताने फिरताना घासून फिरेल, मग काटा खाचेच्या अगदी किंचित पुढे नेला आणि नट पूर्ण आवळताना तो खाचेसमोर येऊ दिला. इंजिन थंड होते. गरम इंजिनावर जुळवलेला ताण थंड झाल्यावर वेगळाच निघतो. लॉक आणि क्लिपा काढल्या, मोजल्या, आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवला.

क्रँकची खूण बरोबर आली. इनटेक कॅमची खूण बरोबर आली. एग्झॉस्ट कॅमची खूण हेडच्या रेषेच्या मागे राहिली.

अशा वेळी सोबत कोणी असते तर ‘तुला काय दिसते?’ असे विचारता आले असते. एकट्या माणसापुढे दोन मोह उभे राहतात. आपण तिरके पाहतो आहोत, असे मानून झाकण लावून टाकणे हा एक, आणि घाबरून सगळे पुन्हा उतरवणे हा दुसरा. मालकाने तिसरा मार्ग धरला: शक्य कारणे मांडली आणि प्रत्येकाची वेगळी खूण कोणती, ते शोधले. तिरक्या नजरेचा दोष असेल, तर डोळा हलवल्यावर फरक बदलायला हवा. या इंजिनात कॅम पुलीला ४८ दात, म्हणजे एक दात ७.५ अंशांचा, दिसणारा फरक जवळजवळ एका पूर्ण दाताचा होता आणि मोबाइल कुठूनही धरला तरी तो तेवढाच राहत होता. क्रँकच खुणेवर नसेल, तर दोन्ही कॅम सारखेच चुकलेले दिसायला हवेत. इनटेक तर बरोबर होता. उरला तो दोन कॅममधला बेल्टचा तुकडा. तिथे एक दात जास्त पडला असेल, तर टेन्शनरच्या बाजूचा कॅम एका दाताने मागे राहील आणि बाकी सारे बरोबर दिसेल. नेमके तसेच दिसत होते. त्याने दोन कॅमच्या माथ्यांमधले दात मोजले. ते १८ भरले.

कारणही जुळले. लॉकला टेकून मागे सरकलेला एग्झॉस्ट कॅम पुढे धरून ठेवायला दुसरा हात नव्हता, त्यामुळे बेल्ट त्या पुलीवर पुढच्याऐवजी मागच्या खाचेत बसला. वरून पाहता तो बरोबर बसल्यासारखाच दिसत होता, कारण लॉक असताना खूण अर्ध्या दाताने मागे असणे स्वाभाविक वाटत होते. ताण दिल्यावर आणि दोन फेऱ्या झाल्यावरच तो अर्धा दात पूर्ण दात झाला.

ही तफावत राहिली असती तर काय झाले असते, हा प्रश्न योग्य आहे. कॅमचा एक दात म्हणजे क्रँकचे १५ अंश. एवढ्या फरकाने व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतीलच असे नाही. पुष्कळ इंजिने अशा स्थितीत चालू होतात, पण निष्क्रिय वेगाला थरथरतात, ओढ कमी होते आणि इंधन जास्त लागते. क्रँक आणि कॅम यांच्या सेन्सरांची सांगड बसली नाही, की संगणक दिवा लावतो, असे सांगून मन शांत करता येते. परंतु या इंजिनात कॅमचा सेन्सर फक्त इनटेक बाजूला होता. इनटेक कॅम बरोबर होता. म्हणजे संगणकाला या चुकीचा थेट पत्ता लागलाच नसता, आणि एग्झॉस्ट कॅम मागे असलेली गाडी नुसती ‘जरा जड चालते’ म्हणून वर्षानुवर्षे चालवली गेली असती.

दुरुस्तीला सगळा बेल्ट उतरवावा लागला नाही. टेन्शनर सैल करून, इनटेक पुलीवर क्लिप लावून, फक्त एग्झॉस्ट पुलीवरून बेल्ट सरकवला. कॅमशाफ्टच्या षटकोनी भागावर पाना लावून कॅम एका दाताने पुढे आणला, पान्याचा दांडा हेडच्या कडेला टेकवून तो तिथे अडकवून ठेवला, आणि दोन्ही हात मोकळे झाल्यावर बेल्ट बसवला. आता माथ्यांमध्ये १७ दात. टेन्शनर पुन्हा जुळवला, दोन फेऱ्या, तिन्ही खुणा जागेवर. थोड्या वेळाने पुन्हा दोन फेऱ्या, पुन्हा तेच. फिरवताना स्प्रिंगांचा लयबद्ध विरोध हाताला जाणवत राहतो, तो नेहमीचाच. धातूवर धातू टेकल्यासारखी अचानक अटक जाणवली असती, तर तिथेच थांबायचे, जोर लावायचा नाही, हे त्याने आधीच ठरवून ठेवले होते. तशी वेळ आली नाही.

या सगळ्या फेऱ्या जुन्या क्रँक बोल्टवर झाल्या. हा बोल्ट ताणला जाऊन घट्ट धरणारा असतो आणि पुस्तिकेनुसार एकदाच वापरायचा असतो, म्हणून नवा बोल्ट अगदी शेवटी, पुली-होल्डर लावून, आधी ठरलेल्या टॉर्कने आणि मग ठरलेल्या अंशांनी आवळला गेला. माउंटिंग, झाकणे, प्लग, कूलंट, बॅटरी या क्रमाने बाकीची जोडणी झाली. इंजिन पहिल्या प्रयत्नात चालू झाले. बेल्ट जास्त ताणला असेल तर बारीक, वेगाबरोबर चढणारा शिट्टीसारखा आवाज येतो आणि सैल असेल तर तो झाकणावर आपटतो. यांपैकी काही ऐकू आले नाही. कूलंटमधली हवा निघून गेल्यावर आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहून थोडी भर घालावी लागली.

काढलेले भाग नंतर मेजावर तपासले गेले. बेल्टच्या पाठीवर बारीक रेषा होत्या, दात शाबूत होते. आणखी काही हजार किलोमीटर तो गेलाही असता. टेन्शनर गुळगुळीत फिरत होता. वॉटर पंपाचा शाफ्ट मात्र बोटाने हलवला तर डुलत होता आणि फिरवताना खरखरत होता. पुस्तिकेतली मुदत अंतराच्या हिशेबाने शिल्लक होती, बेल्टही शिल्लक होता, आणि त्याला ओढून नेणारे बेअरिंग मात्र संपत आले होते.

हे प्रकरण प्रत्येक इंजिनाला जसेच्या तसे लागू करता येणार नाही. येथे कॅम पुल्या चावीने, म्हणजे शाफ्टच्या खाचेत बसणाऱ्या धातूच्या छोट्या तुकड्याने, पक्क्या बसवलेल्या होत्या. काही इंजिनांत त्या शाफ्टवर सैल असतात आणि बेल्ट बसल्यावर बोल्ट आवळून त्यांचे स्थान पक्के होते. तिथे रंगाचे ठिपके आणि दातांची मोजणी पुरत नाही, शाफ्टच लॉक करणारी नेमकी अवजारे लागतात. काही इंजिनांत क्रँकच्या दातेरी पुलीलाही चावी नसते आणि केवळ बोल्टच्या दाबावर तिचे स्थान टिकते. तिथे क्रँक बोल्ट कमी आवळला गेला तर चालत्या गाडीत व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ सरकते. ज्या डिझेल इंजिनांत हाच बेल्ट फ्युएल पंपही फिरवतो, त्यांतल्या काहींत पंपाचीही वेळ जुळवावी लागते. आणि इंजिन ऑइलमध्ये बुडून चालणारा बेल्ट असेल, तर झाकण उघडण्याआधीच काम ऑइल पॅन आणि ऑइल पंपाची जाळी तपासण्यापर्यंत जाते, कारण झिजलेल्या बेल्टचे कण तिथे अडकतात. अशा इंजिनासाठी येथे वापरलेली अवजारे आणि पायऱ्या अपुऱ्या पडतील. पुस्तिकेतल्या पायऱ्यांपुढे हात मोजण्याचे काम मात्र तिथेही पहिल्या दिवसापासूनच करावे लागेल.